पाचशेची फेडोरा, दोन हजारांची की पंधरा हजारांची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: इंदिरानगरला राहता, थंडीत वापरायला एक फेडोरा, म्हणजे वर खळगा आणि पुढे दोन्ही बाजूंनी चिमटी असलेली फेल्टची हॅट, घ्यायची आहे. ऑनलाइन एक पाचशेला दिसते, एक दोन हजारांच्या आसपास, आणि परदेशातल्या नावाजलेल्या कंपनीची घ्यायची तर पंधरा हजारांच्या पुढे. फोटोत तिन्ही सारख्याच दिसतात. मग स्वस्तातली घेतली तर पैसे वाया जातील का, आणि महागडीत नावाखेरीज जास्तीचं काही मिळतं का? घरी आजोबांची एक जुनी हॅट ट्रंकेत पडून आहे, असंही जाता जाता लिहिलंय. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिते, कारण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे.

माझी नाशिकमध्ये नाटकांची ड्रेपरी आहे. गोरा साहेब, गुप्तहेर, जुन्या हिंदी सिनेमातला खलनायक, शाळेच्या गॅदरिंगमधला मायकल जॅक्सन, या सगळ्यांच्या हॅट्स आमच्याकडून भाड्याने जातात आणि दबून, चुरगळून, घामाने भिजून परत येतात. त्या पुन्हा आकारात आणायचं काम मी स्वतः करते. त्यामुळे हळूहळू बाहेरचे लोकही आपापल्या हॅट्स घेऊन यायला लागले. कुठली हॅट कशामुळे आणि कुठल्या जागी खराब होते, हे मला त्यातून कळत गेलं. त्यावरून सांगते, किंमत तिसऱ्या नंबरला ठेवा. आधी हॅट कशाची आहे ते बघा आणि मग ती तुमच्या डोक्याला बसते का ते.

फेल्ट हे विणलेलं कापड नव्हे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. गरम पाणी, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की आटतो आणि जाड होतो, तो याचमुळे. काश्मिरी नमदाही असाच तयार होतो. हॅटसाठी पिंजलेली लोकर आधी शंकूच्या आकारात आटवतात, मग वाफेवर मऊ करून ठोकळ्यावर ओढून बसवतात आणि ताठपणा यावा म्हणून तिला कांजीसारखं काहीतरी देतात. पूर्वापार यासाठी लाख वापरली जाते. हो, आपल्याकडे झाडांवरच्या किड्यांपासून मिळते तीच लाख. लाख उष्णतेने मऊ होते आणि गार झाली की पुन्हा कडक होते. हॅटला वाफ देऊन आकार बदलता येतो त्यामागे लोकर आणि लाख या दोघींचाही हात असतो.

महागड्या हॅटमध्ये बहुतेक वेळा मेंढीची लोकर नसते. तिथे सशाच्या कातड्यावरची मऊ लव वापरतात, कधी बीव्हर या प्राण्याची. ही लव लोकरीपेक्षा बारीक असते, त्यामुळे फेल्ट घट्ट जमतं. हॅट पातळ आणि हलकी होते, तरी आकार धरून राहते. ऑस्ट्रेलियातली अकुब्रा सशाच्या फेल्टसाठी ओळखली जाते. इटलीतल्या आलेस्सांद्रियाची बोर्सालिनो १८५७ पासून हेच काम करते आहे. अमेरिकेतली स्टेटसन १८६५ ची. पण एक सावधगिरी बाळगा. स्टेटसनच्याच नावाने लोकरीच्या आणि गवताच्याही हॅट्स विकल्या जातात. म्हणजे नुसत्या नावावरून हॅट कशाची आहे ते कळत नाही, आतलं लेबल वाचावंच लागतं.

आता पाचशेची. तिच्यावरही ‘फेल्ट’ लिहिलेलं असतं, पण बहुतेक वेळा ते पॉलिएस्टर असतं. पॉलिएस्टरच्या तंतूला खवले नसतात, म्हणून दातेरी सुयांनी टोचून टोचून ते एकमेकांत गुंतवतात आणि उष्णता व गोंद यांच्या जोरावर आकार देतात. नवीन असताना ती अगदी ऐटदार दिसते. पुढच्या चिमटीच्या दोन खळग्यांवर मात्र लक्ष ठेवा. आपण सगळे हॅट नेमकी तिथेच धरून उचलतो. थोड्याच दिवसांत तिथे बारीक पांढरट रेघ उमटते, मग सुरकुती पडते आणि ती सुरकुती काही केल्या जात नाही. लोकरीला वाफ दिली की ती सैल पडते, बोटांनी हवी तशी बसवता येते. पॉलिएस्टर वाफेला नीट दाद देत नाही. जास्त गरम झालं तर चकाकतं नाहीतर आकसतं. दुरुस्तीला आलेली अशी हॅट मी हल्ली परतच पाठवते, कारण मजुरीच तिच्या किमतीच्या वर जाते.

तरीही पाचशेची हॅट कुणी घेऊच नये असं मी म्हणणार नाही. माझ्या ड्रेपरीतल्या निम्म्या हॅट्स तशाच आहेत. कालिदास कलामंदिरात दहाव्या रांगेतून फेल्ट कशाचं आहे ते कुणालाही दिसत नाही, आणि तिला कसर लागत नाही हाही एक फायदाच. तुम्हाला प्री-वेडिंगच्या फोटोंसाठी किंवा एका कार्यक्रमापुरती हॅट हवी असेल तर खुशाल ती घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे कुठल्याही ड्रेपरीतून भाड्याने न्या. पण तुम्ही लिहिलंय की थंडीत रोज सकाळी वापरायची आहे. रोजच्या वापराला ती एक हिवाळा धड काढत नाही. तिथे तुमचे पैसे वाया जातील.

दोन हजारांच्या घरात शंभर टक्के लोकरीची हॅट मिळते, आणि तुमच्यासाठी माझी शिफारस तीच आहे. तिच्या मर्यादा मात्र आधी माहीत असू द्यात. लोकरीचं फेल्ट सशाच्या फेल्टइतकं घट्ट नसतं. पुन्हा पुन्हा भिजलं-वाळलं की ते आटतं, आणि क्राउन, म्हणजे हॅटचा डोक्यावरचा भाग, हळूहळू वर निमुळता होत जातो. ब्रिम, म्हणजे भोवतालची कड, फार रुंद असेल तर तिला लाटा येतात. म्हणून लोकरीच्या हॅटमध्ये सहा सेंटिमीटरच्या आसपासची कड निवडा. आठ-नऊ सेंटिमीटरची रुबाबदार कड फोटोत छान दिसते, पण या किमतीच्या फेल्टला ती पेलवत नाही. कडेला रिबिनीचा गोट शिवलेला असेल तर ती थोडी जास्त टिकते. तो गोट चिकटवलेला नको, शिवलेला हवा.

हॅट हातात आली की उलटी करा. आत डोक्याला टेकणारी घामाची पट्टी असते, ती बोटाने बाहेर उलटवा. टाके दिसले तर चांगलं. नुसता गोंदाचा पिवळट माग दिसला तर पहिल्या उन्हाळ्यात ती पट्टी सुटणार असं धरून चाला. पट्टी उलटवलेलीच ठेवून क्राउन उजेडासमोर धरा. लोकर सारखी पसरलेली नसेल तर कुठे कुठे विरळ ठिपके दिसतात, आणि चिमटीजवळ असा ठिपका असेल तर भोक तिथेच पडणार. मग पांढरा रुमाल किंचित ओला करून आतल्या बाजूला घासा. रुमालाला रंग लागला तर तो घामाबरोबर तुमच्या कपाळावरही उतरणार. काळ्या आणि मरून हॅट्समध्ये ही तक्रार जास्त येते. आपल्याकडच्या धुळीला काळ्यापेक्षा राखाडी किंवा तपकिरी रंग चांगला हेही इथेच सांगून टाकते.

लेबलवर भरवसा नसेल तर घरी एक खात्रीची परीक्षा करता येते. पट्टीच्या मागून, जिथे कुणाला दिसणार नाही तिथून, ब्लेडने थोडे तंतू खरवडून काढा. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून त्यांना काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरतं ते बोटांत चुरडलं जातं. पॉलिएस्टर असेल तर तंतू ज्योतीपासून दूर आकसतात, वितळतात आणि गार झाल्यावर मोहरीएवढा कडक मणी उरतो. दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर माल मिश्र आहे. हे सगळं हॅटपासून लांब बसून करा, खिडकी उघडी ठेवून.

मापाबद्दल सविस्तर सांगते, कारण माझ्याकडे ‘आवडली नाही’ म्हणून कोपऱ्यात पडलेल्या ज्या हॅट्स येतात त्यातल्या बऱ्याचशा खरं म्हणजे बसत नसतात. शिंप्याची टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या थोडं वरून, मागे डोक्याच्या फुगीर भागावरून फिरवा. आवळू नका, बोट जाईल इतकी सैल ठेवा. येईल ते सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. अमेरिकी मापात ५७ सेंटिमीटर म्हणजे सव्वासातच्या एक पायरी खाली, ५८ म्हणजे सव्वासात आणि ६० म्हणजे साडेसात. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या. सैल हॅट पट्टीच्या मागे फोमची किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राची पट्टी सरकवून घट्ट करता येते, घट्ट हॅट मोठी करायला जागा फारच थोडी असते. आणि ‘फ्री साइज’ लिहिलेल्या हॅटपासून लांब राहा. ती साधारण ५८ ची असते आणि आत नाडी दिलेली असते. नाडी ओढली की फेल्टला चुण्या पडतात.

नुसता घेर जुळून भागत नाही, डोक्याचा आकारही जुळावा लागतो. कपाळावर आणि मागे दाबते पण कानांवर फट राहते, असं होत असेल तर तुमचं डोकं लांबट आहे आणि हॅट गोल. थोडा फरक वाफेवर जमवता येतो. किटलीच्या तोंडाशी पट्टी बाहेर काढून फेल्टला चांगली वाफ द्यायची, हाताला चटका बसणार नाही इतकी गार होऊ द्यायची आणि डोक्यावर घालून पूर्ण थंड होईपर्यंत तशीच ठेवायची. लोकर इथे कामाला येते. पॉलिएस्टरवर हा प्रयत्न करू नका.

आता आपल्या गावाचं बघू. नाशिकला थंडी खरीखुरी पडते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून बराच खाली. पण फेडोराने कान झाकले जात नाहीत. सकाळी सहाला गंगापूर रोडला फिरायला जायचं असेल तर कानटोपीच घाला, किंवा फेडोराबरोबर मफलर. आठ-नऊनंतर उन्हं आली की फेल्ट हॅट अगदी आरामाची. नोव्हेंबर ते साधारण फेब्रुवारीचा मध्य, एवढाच तिचा हंगाम धरा. द्राक्षांची काढणी जोरात असते त्या दिवसांत लोक वायनरीत फेल्ट हॅट घालून जातात आणि दुपारी बाराला ती हातात धरून वारा घेत बसतात. तेव्हापासून पुढे गवताची किंवा सुती हॅट बरी. म्हणजे वर्षातले तीन-साडेतीन महिने वापरायच्या वस्तूवर तुम्ही किती खर्च करता आहात, हा हिशेब इथे येतो, आणि पहिलीच हॅट पंधरा हजारांची घेऊ नका असं मी म्हणते ते त्याचमुळे.

दुसरी गोष्ट दुचाकीची. हेल्मेट घालून निघायचं आणि पोचल्यावर हॅट घालायची, तर मधल्या वेळात हॅट कुठे? डिकीत कोंबली तर तिचं संपलं. दुचाकीवर फिरणाऱ्यांनी ‘क्रशेबल’ लिहिलेली लोकरीची हॅट घ्यावी. तिच्यात ताठपणाचा लेप कमी असतो, घडी करून सॅकमध्ये ठेवली तरी झटकून बऱ्यापैकी आकारात येते. ती जरा मवाळ दिसते, कडक चिमटीचा रुबाब तिच्यात नाही, पण वापरात तीच राहते. चारचाकीवाल्यांसाठी एकच सूचना: गाडीत हॅट ठेवू नका. एक गृहस्थ ऐन मे महिन्यात त्र्यंबकला गेले आणि हॅट मागच्या काचेखाली राहिली. उन्हाने आतली चामड्याची पट्टी आकसली आणि तिने सगळं फेल्ट आत ओढून घेतलं. संध्याकाळी ती त्यांच्या डोक्याच्या वरच टेकत होती. अशी पट्टी परत ताणायला गेलं की फाटते. ती काढून नवीन शिवावी लागली.

महागडी हॅट कुणी घ्यावी? ज्याला दोन हिवाळे लोकरीची हॅट नेमाने घालून झाली, आपलं माप आणि आपल्याला शोभणारी कड कळली, त्याने. सशाचं फेल्ट हातात घेतलं की फरक समजतो. ते हलकं, गुळगुळीत असतं, चिमटी हवी तशी बदलता येते, पावसाची सर झेलून पुन्हा उभं राहतं आणि नीट सांभाळलं तर माणसाच्या हयातीला पुरतं. नावाच्या पलीकडे तुम्हाला एवढं नक्की मिळतं. पण एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही म्हणून मी सांगते. लोकर जिवंत मेंढीची कातरतात, सशाची लव मारलेल्या सशाच्या कातड्यावरून घेतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत हे चालत नाही. घेतल्यावर कळून वाईट वाटण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता आजोबांची हॅट. नवीन काही मागवण्याआधी ती ट्रंकेतून काढा. त्या काळी देवळालीच्या छावणीमुळे म्हणा किंवा मुंबईच्या येण्याजाण्यामुळे म्हणा, नाशिकच्या घरांत चांगल्या प्रतीच्या विलायती हॅट्स आलेल्या आहेत, आणि अशा जुन्या हॅटचं फेल्ट बरेचदा आजच्या दोन हजारांच्या हॅटपेक्षा सरस निघतं. आधी अंगणात नेऊन मऊ ब्रशने झटका. बारीक भोकं, किंवा लव खाल्लेल्या नागमोडी रेघा दिसल्या तर कसर लागली आहे. भोकं आरपार नसतील तर हॅट वाचते. कसर मेली याची खात्री करायला ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठ-दहा दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण नॉर्मलला येऊ द्या. मग आतली चामड्याची पट्टी हलकेच वाकवून बघा. ती बिस्किटासारखी मोडत असेल तर बदलावी लागेल, आणि ते होण्यासारखं काम आहे. लवचिक असेल तर निम्मी लढाई जिंकलात.

इथे एक इशारा मनापासून देते. जुन्या काळी सशाची लव फेल्टसाठी तयार करताना पाऱ्याचं संयुग वापरत. कारागिरांना त्याची बाधा होई, आणि अमेरिकेत १९४१ मध्ये हा वापर बंद झाला. अशा जुन्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश उरलेला असू शकतो. म्हणून हॅट किती जुनी आहे हे माहीत नसेल तर बंद खोलीत तिला वाफ देऊ नका, सँडपेपर लावू नका, झटकताना तोंडाला मास्क बांधा आणि लहान मुलांना खेळायला देऊ नका. ती फार जुनी निघाली तर आठवण म्हणून काचेत ठेवा आणि घालायला दुसरी घ्या.

सांभाळण्याबद्दल आपल्याकडे दोनच शत्रू मोठे: डोक्याचं तेल आणि पावसाळा. खोबरेल लावून लगेच हॅट घातली की पट्टीतून तेल वर चढतं आणि रिबिनीच्या वर काळपट पट्टा उमटतो. डाग ताजा असेल तर त्यावर मुलतानी माती कोरडीच पसरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी ब्रशने काढून टाका. ही माती तेल शोषून घेते. गडद हॅटवर थोडीच वापरा, पांढरट भुकटी लवेत अडकून बसते. हॅट भिजली तर पट्टी बाहेर उलटवून त्या पट्टीवरच उभी करून सावलीत वाळवा, म्हणजे कड मोडत नाही. ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. जूनच्या आधी ती नीट ब्रश करून, पूर्ण कोरडी आहे ना बघून, कागदाचे बोळे भरून खोक्यात उलटी ठेवा. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा, फेल्टला लागू देऊ नका. आणि श्रावणात एखादं कोरडं ऊन पडलं की खोकं उघडून हवा द्या. बुरशी आणि कसर दोन्ही बंद खोक्यातच माजतात.

तेव्हा पुढचं असं करा. या आठवड्यात आजोबांची हॅट बघून घ्या आणि आपलं डोकं मोजा. ती हॅट बसत नसेल किंवा घालण्यासारखी नसेल तर लोकरीची, सहा सेंटिमीटर कडेची, राखाडी किंवा तपकिरी हॅट मागवा, आणि जिथे परत करण्याची मुदत निदान आठवडाभराची आहे तिथूनच मागवा. आली की लेबल न काढता घरातल्या घरात अर्धा तास घालून बसा. कपाळावर लाल वळ उठला तर हॅट लहान आहे, मोठं माप मागवून घ्या. वळ नसेल, मान हलवल्यावर ती जागची हलत नसेल आणि रुमाल कोरा राहिला असेल तरच तंतू खरवडायची परीक्षा करा. कारण ब्लेड लावल्यावर दुकानदार ती परत घेणार नाही. तंतू वितळलेच तर मालाची माहिती खोटी दिली म्हणून तक्रार करता येते. त्यासाठी काडी लावतानाचा व्हिडिओ आणि लेबलचा फोटो आधीच काढून ठेवा.